मानेतला चुना

मी कॉलेजात जिऑलॉजी शिकवते, त्यामुळे स्फटिक म्हटलं की मला आधी वाघोलीच्या खाणी आठवतात. पुण्याजवळच्या त्या बेसॉल्टच्या खाणींमधून कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज निघतं ज्यासाठी जगभरातले कलेक्टर वेडे होतात, आणि त्याच्या सोबतीला स्टिलबाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट अशी सगळी मंडळी असतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पोकळ्या राहतात, मग वर्षानुवर्षं त्या पोकळ्यांतून झिरपणारं पाणी आपल्याबरोबर आणलेला माल थोडा थोडा करून तिथे ठेवून जातं. मुलांना मी दरवर्षी सांगते की स्फटिकाला फार काही लागत नाही, विरघळलेला माल लागतो, वेळ लागतो आणि जागा लागते. माझ्या आत्याच्या मानेत माल होता, वेळही भरपूर मिळाला होता, जागा तेवढी नव्हती.

आत्या वाईची. सत्तरी ओलांडलेली, पण रिकामी बसलेली मी तिला कधी बघितली नाही. पोस्टाची आरडी एजंट होती ती, म्हणजे दर महिन्याला घरोघरी जाऊन हप्ते गोळा करायचे, नोटा मोजायच्या, कार्डावर नोंद करायची, पोस्टात यादी भरून द्यायची, सगळं हाताने. तिचं नोटा मोजणं हा आम्हा भाचरांसाठी एक शो असायचा, अंगठ्याने असं सर्रर्र करून बंडल सरकायचं आणि शेवटी आकडा बरोबरच. अक्षर पण असं की पोस्टातले लोक कौतुकाने यादी एकमेकांना दाखवायचे. तर या बाईचा एक चेक बँकेतून परत आला, कारण काय तर सही जुळत नाही. परत केली, परत तेच. काउंटरवरची मुलगी म्हणाली म्हणे, आजी तुमची सही हललीय, वयामुळे होतं असं, नवीन नमुना देऊन ठेवा. आत्याने नमुना दिला, आणि आठवड्याभरात तो नमुना पण तिला जमेना.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे "वयामुळे होतं". आपल्याकडे साठीच्या पुढच्या बाईच्या कुठल्याही तक्रारीवर हे औषध तयार असतं. आत्याच्या ब्लाउजचे हुक लागेनात, तर वय. वाती वळताना कापूस बोटांतून सुटून जातो, तर वय. भाजी चिरताना बोटाला कापलं आणि रक्त ओट्यावर दिसलं तेव्हा कळलं, तर लक्ष नसतं हल्ली तुझं. तिला स्वतःलाही ते पटलेलं होतं, हे जास्त वाईट.

मग चपलेचं झालं. घाटावर ढोल्या गणपतीला जाऊन आली, घरी दारात पाय धुवायला बघते तर एका पायात चप्पलच नाही. कुठे निसटली, कधी निसटली, पत्ता नाही, तशीच चालत आली होती. शेजारच्या मुलाला मधल्या बोळात सापडली. यावर घरात सगळे हसले, आत्या पण हसली. नंतर मला कळलं की आपल्याकडचे न्यूरॉलॉजिस्ट पेशंटला हाच प्रश्न मुद्दाम विचारतात, चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर तुम्हाला कळतं का. कळत असेल तर पायातली ताकद कमी, कळतच नसेल तर पायाची खबर वर मेंदूपर्यंत पोचत नाहीये. बुटांच्या देशात हा प्रश्न सुचला नसता.

आता डॉक्टर झाले नाहीत असं नाही. झाले. एकाने हाताला मुंग्या म्हणून मनगटाची नस दबलीय सांगितलं आणि पट्टा दिला. एकाने शुगरमुळे नसा खराब झाल्यात म्हटलं, आत्याला थोडी शुगर आहेच. शाकाहारी म्हटल्यावर बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं तर होणारच होती, ती झाली. एकाने मानेचा एक्सरे काढून "स्पाँडिलायसिस, सगळ्यांनाच असतो" म्हणून कॉलर दिली, ती तिने दोनेक दिवस घातली आणि मग ती कपाटावर गेली. यातलं काहीच अगदी वेड्यासारखं नव्हतं हे पण खरं, कारण यातल्या प्रत्येक गोष्टीने हात बधिर होऊ शकतात, बी ट्वेल्व्ह कमी असलं तर थेट स्पायनल कॉर्डलाच, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूलाच त्रास होतो. गंमत अशी की आत्याची मान दुखतच नव्हती. थोडी अवघडायची, पण ती कोणाची अवघडत नाही. मानेत गडबड आहे आणि बोंब हातापायांची चाललीय, त्यामुळे मानेकडे कोणी नीट बघेना. एक मालिशवाली बाई येऊन मान "मोकळी" करून देते म्हणत होती, कडकड वाजवून, ते आतेभावाने होऊ दिलं नाही, आणि त्याचे उपकार आम्ही सगळे अजून मानतो.

शेवटी ज्यांनी ओळखलं ते साताऱ्याचे एक वयस्कर न्यूरॉलॉजिस्ट. आधी काही विचारलंच नाही, आत्याला म्हणाले आत चालत या, आणि ती येताना बघत बसले. मग हातोडी घेऊन गुडघ्यावर मारली तर पाय असा उडाला की आत्याच दचकली. मी शेजारी उभी होते, मला वाटलं चांगलंय, रिफ्लेक्स जोरात आहेत. ते म्हणाले, मॅडम, शुगरने नसा खराब झाल्या असत्या तर हा पाय हललाच नसता. नस मेली तर रिफ्लेक्स मरतो, पण वर कॉर्ड दबली तर खालचे रिफ्लेक्स मोकाट सुटतात, कारण त्यांना लगाम घालणारा निरोप वरून येईनासा होतो. मग त्यांनी तिच्या मधल्या बोटाच्या नखाला हलकेच टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. दोन्ही हातांना तसंच. याला हॉफमनची खूण म्हणतात. तळपायाला किल्लीने रेघ ओढली तर पायाचा अंगठा वर. या दोन्ही वर कॉर्ड दबल्याच्या खुणा. आणि मग म्हणाले, दहा सेकंदात जेवढ्या वेळा जमेल तेवढ्या वेळा मूठ पूर्ण मिटा आणि पूर्ण उघडा. चांगल्या हाताला वीसच्या वर जमतं. नोटांची बंडलं सर्रर्र मोजणारी माझी आत्या मूठ मिटत होती आणि मग ती उघडायला बोटांना सांगत होती, आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडायला तयारच नव्हतं. नऊवर वेळ संपली.

हात बघूनच त्यांनी सांगितलं की मानेचा एमआरआय काढा, उद्याच.

एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मध्ये मागच्या बाजूने एक काळा गोळा कॉर्डमध्ये घुसलेला दिसत होता. मला स्पायनल कॅनॉल म्हणजे मोठी पाइप वगैरे वाटायची. प्रत्यक्षात मानेत ती समोरून मागे साधारण सतरा मिलिमीटर असते, तेराच्या खाली गेली की अरुंद धरतात, आणि त्यातच कॉर्ड, तिच्या भोवतीचं पाणी, आवरणं सगळं बसवायचं. आत्याच्या त्या जागी कॉर्ड चपटी होऊन एका बाजूला सरकली होती आणि तिच्या आत एक पांढरा डाग होता, तो डाग म्हणजे कॉर्डला इजा झाल्याची खूण. रिपोर्टमध्ये शक्यतांची यादी होती, त्यात ट्यूमर होता, त्यात टीबीही होता. मणक्यात काही दिसलं की आपल्याकडे टीबीचं नाव आधी येतं आणि ते बरोबरच आहे, आपल्याकडे तो आहेच तेवढा. पण त्या दिवशी घरात जे वातावरण होतं ते मी इथे लिहीत नाही.

मग सीटी काढला. यात एक गोष्ट मला शिकायला मिळाली की एमआरआय भारी आणि सीटी साधा असं काही नसतं. कॅल्शियम असलेली वस्तू एमआरआयमध्ये नुसती काळी दिसते, काळं म्हणजे कशाचंही काळं, गाठ जाड झाली तरी काळं. सीटीत तोच गोळा पांढराशुभ्र उठून दिसला, गोल, कडेला थोडा दाणेदार. आणि तो हाडाला चिकटून नव्हता, दोन मणक्यांच्या मागच्या कमानींना जोडणारा जो पट्टा असतो त्याच्या आत होता. त्याला लिगामेंटम फ्लेवम म्हणतात. तो खरंच पिवळा असतो, कारण त्यात इलॅस्टिन खूप असतं, मान पुढे वाकवली की ताणतो, सरळ केली की परत जागेवर येतो, जन्मभर तेच काम. त्या ताणणाऱ्या पट्ट्यात स्फटिक साठले होते.

सर्जन पुण्याचे. त्यांनी मानेचं बोलायच्या आधी गुडघ्याचा एक्सरे मागितला. आम्ही म्हटलं गुडघा कशाला. पण आत्याचा गुडघा काही वर्षांपूर्वी अचानक सुजून लाल झाला होता, तेव्हा गाउट म्हणून तिची तूरडाळ, टोमॅटो, पालक सगळं बंद केलं होतं, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं तरी बंदच, कारण एकदा घरात युरिक अ‍ॅसिड हा शब्द शिरला की तो निघत नाही. एक्सरेत दोन हाडांच्या मधल्या मोकळ्या काळ्या जागेत एक बारीक पांढरी रेघ होती, पेन्सिलीने ओढावी अशी. मनगटाच्या एक्सरेतही तशीच. सर्जन म्हणाले, हेच मानेत आहे. कॅल्शियम पायरोफॉस्फेट. गुडघा सुजला होता तो गाउटने नाही, गाउटच्या सोंगाने.

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली, कारण या आजाराचा शोध लागला तो आमच्या यंत्रावर. दगडाचा पातळ काप करून तो पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली बघणं हे जिऑलॉजीवाले एकोणिसाव्या शतकापासून करतायत. विल्यम निकोलने 1828 मध्ये आइसलँड स्पार म्हणजे स्वच्छ कॅल्साइट कापून त्याचा प्रिझम केला, त्यातून पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश मिळायला लागला, आणि मग हेन्री सॉर्बीने दगडांचे काप काढून सगळ्यांना वेड लावलं. डॉक्टर लोकांकडे सांध्यातल्या पाण्यासाठी हे यंत्र वापरायची बुद्धी 1961 मध्ये आली, डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांना. गाउटच्या पेशंटच्या सांध्यातलं पाणी त्यांनी पोलराइज्ड प्रकाशात बघितलं, त्यात युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडपासून झालेले सुईसारखे स्फटिक चमकताना दिसले. पण काही पेशंटांत सुयांच्या जागी आखूड, चौकोनी तिरके तुकडे दिसत होते, आणि अगदी फिके. ते युरेट नव्हतेच, ते कॅल्शियम पायरोफॉस्फेट होते, 1962 मध्ये मॅकार्टीने सहकाऱ्यांबरोबर ते छापलं आणि आजाराला स्यूडोगाउट नाव पडलं. याच मॅकार्टीने आणि फेअर्स नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने स्फटिकांनीच सांधा सुजतो हे सिद्ध करायला युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यात टोचून घेतले होते. सुजले. व्हायचं ते सगळं झालं. एथिक्स कमिटीला आज हे सांगून बघा. त्याच सुमारास स्लोव्हाकियात झित्नान आणि सितय हे दोघे काही कुटुंबांमध्ये पिढ्यानपिढ्या एक्सरेत दिसणाऱ्या त्याच पांढऱ्या रेघेचा अभ्यास करत होते, त्यांनी त्याला कॉन्ड्रोकॅल्सिनोसिस म्हटलं. एकाच गोष्टीची दोन टोकं दोन देशांत धरलेली.

माल कुठून येतो तर आपल्याच शरीरातून. पेशी ऊर्जेसाठी जे एटीपी वापरतात त्याचे तुकडे होताना पायरोफॉस्फेट बाहेर पडतं, कूर्चेतल्या पेशी ते बाहेर सोडतात, बाहेर कॅल्शियम असतंच, दोघं भेटले की स्फटिक. रोज हे होतं आणि रोज ते साफ करणारे एन्झाइम पण असतात. वय वाढलं, सांधा झिजला की हिशोब बिघडतो. पॅराथायरॉइड जास्त काम करत असेल, अंगात लोह साठत असेल, मॅग्नेशियम कमी असेल तर तो लवकर बिघडतो, म्हणून आत्याचं हे सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. काही घराण्यांत एएनकेएच नावाच्या जीनमुळे होतो, ते आमच्यात दिसत नाही. म्हणजे कारण नाहीच. हे ऐकल्यावर सगळ्यात जास्त वैतागला तो आतेभाऊ. त्याला काहीतरी हवं होतं, जे बंद करता येईल असं.

मानेतलं हे दुखणं जपानी सर्जनांनी सगळ्यात जास्त लिहून ठेवलंय, सत्तरच्या दशकापासून, आणि त्यातल्या बऱ्याचशा पेशंट साठीच्या पुढच्या बायका, मानेच्या खालच्या भागातच गोळा, म्हणजे आत्या अगदी पुस्तकाप्रमाणे आजारी पडली होती. हेच स्फटिक मानेच्या एकदम वरच्या टोकाला, दुसऱ्या मणक्याचा जो दातासारखा सुळका पहिल्या मणक्याच्या कड्यात वर जातो, त्याच्या भोवती साठले तर प्रकरण वेगळंच दिसतं. तिथे मान अशी आखडते की वळवता येत नाही, ताप येतो, रक्तातले सुजेचे आकडे वर जातात, आणि कॅज्युअल्टीत लोक मेंदूज्वर समजून पाठीतलं पाणी काढायला धावतात. सीटीत त्या सुळक्यावर पांढरा मुकुट दिसतो म्हणून त्याला क्राउन्ड डेन्स नाव आहे, 1985 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी ते दिलं. तो प्रकार सुजेवरच्या साध्या गोळ्यांनी बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतो. आत्याचं तसं नव्हतं. कॉर्डवर बसलेला गोळा गोळ्यांनी विरघळत नाही, असं विरघळवणारं औषधच नाही. युरेटसाठी आहे, याच्यासाठी नाही.

ऑपरेशनचा निर्णय घेताना सर्जनांनी एक वाक्य स्पष्ट सांगितलं की हे जे गेलंय ते परत आणण्यासाठी नाही, जे आहे ते जाऊ नये म्हणून आहे, परत येईल तेवढा बोनस. आत्याला ते लगेच कळलं. एजंट बाई, मुद्दल आणि व्याज तिला काय शिकवायचं.

मागून मान उघडून मणक्याच्या कमानी एका बाजूने कापायच्या, दुसऱ्या बाजूला खाच करून बिजागरी करायची आणि दार उघडावं तशी कमान उघडून ठेवायची. ही पण जपानचीच पद्धत, हिराबायाशी यांनी 1977 च्या सुमारास सुरू केली, ओपन डोअर म्हणतात. आत्याची तशीच केली आणि उघडल्यावर पट्ट्यातला गोळा काढला. भूल देतानाच खरी धाकधूक होती म्हणे, कारण नळी घालायला मान मागे झुकवतात तशी हिची झुकवून चालणार नव्हतं, म्हणून कॅमेऱ्याने बघत बघत नळी टाकली. बाहेर आल्यावर सर्जन मास्क खाली करून म्हणाले, पानाच्या डब्यातला चुना असतो ना, तस्सा निघाला, पांढरा, ओलसर, चमच्याने काढावा असा. आत्याला शुद्ध आल्यावर आतेभावाने हे सांगितलं तर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, एवढी वर्षं लोकांचे पैसे सांभाळले, कोणाला चुना लावला नाही, आणि माझ्याच मानेने मला लावला.

आता बाटलीची गोष्ट. ऑपरेशनमधून निघालेला तुकडा लॅबला जातो. त्यात हाडासारखं कडक काही दिसलं की लॅबवाले सवयीने तो अ‍ॅसिडमध्ये टाकून मऊ करून घेतात, म्हणजे डीकॅल्सिफाय करतात, नाहीतर काप निघत नाहीत. पण अ‍ॅसिडमध्ये हे स्फटिक विरघळून जातात. मग काचेवर फक्त भोकं उरतात आणि रिपोर्ट येतो की डिजनरेटिव्ह बदल. गाउटच्या युरेटचं तर अजून नाजूक, ते साध्या फॉर्मॅलिनच्या पाण्यातच जातं, त्यासाठी तुकडा अल्कोहोलमध्ये पाठवावा लागतो. आमच्या सर्जनांनी फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की डीकॅल्सिफाय करू नये, स्फटिक बघावेत, आणि थोडा तुकडा अल्कोहोलच्या वेगळ्या बाटलीत दिला होता. ही एक ओळ लिहिली नसती तर पुढचं काही कळलंच नसतं. किती लोकांच्या बाटल्यांवर ती ओळ नसते असा विचार मनात येतोच.

रिपोर्ट आल्यावर मी लॅबमधून स्लाइड मागून घेतली, पेशंटच्या नातेवाइकांना ती मिळते, बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि थेट आमच्या डिपार्टमेंटच्या मायक्रोस्कोपवर ठेवली. दगडाचा काप आम्ही तीस मायक्रॉनचा करतो, हा चार-पाच मायक्रॉनचा, त्यामुळे आधी काहीच दिसेना, नुसतं गुलाबी. पोलरायझर आडवे टाकले तर अंधार. मग स्टेज हळूहळू फिरवत गेले आणि एका कोपऱ्यात राखाडी उजेडाचा एक ठिपका लागला, मग दुसरा, मग एक अख्खं टोळकं. आखूड, तिरके चौकोन, काही काडीसारखे. फिके, बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजासारखेच राखाडी, आणि दोघांच्या स्फटिकांचं कुळही एकच, ट्रायक्लिनिक, कॅल्शियम पायरोफॉस्फेट कधी मोनोक्लिनिकही असतं ते सोडा. जिप्सम प्लेट, म्हणजे स्फटिक कुठल्या दिशेला पडलाय ते रंगाने सांगणारी पट्टी, आत सरकवली, सगळं जांभळट लाल झालं आणि त्यात प्लेटवर खूण केलेल्या स्लो दिशेला समांतर पडलेले स्फटिक निळे, तिला काटकोनात पडलेले पिवळे. युरेट असते तर नेमकं उलट. मी हे मुलांना वर्षानुवर्षं दाखवत आलेय, प्लेट आत बाहेर करून, कोण निळं कोण पिवळं वहीत लिहा म्हणून. सुंदर दिसत होते ते. हे लिहायला बरं वाटत नाही पण दिसत होते. लॅब असिस्टंटने मागून डोकावून विचारलं, मॅडम कुठला सँपल, मी म्हटलं वाई. तो म्हणाला वाईचा बेसॉल्ट असा नसतो.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नवीन नाटक, गुडघा सुजून टम्म, ताप. सगळे हादरले, कारण नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला ताप म्हणजे इन्फेक्शन. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं तर जंतू नाहीत, तेच चौकोन. मोठं ऑपरेशन किंवा आजारपण झालं की या स्फटिकांचा असा अटॅक येतो हे डॉक्टरांना माहीत असतं, आम्हाला नव्हतं. किडनी बघून कोल्चिसिनचा छोटा डोस दिला. पावसाळ्यात पाचगणीच्या घाटाने जाताना कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी फुललेली दिसते ना, तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. जहाल विष आहे, कोणी घरी प्रयोग करू नका, डॉक्टरच्या गोळीतही डोस जास्त झाला तर पोट आणि रक्त दोन्ही बिघडतं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, आमच्या परसात होती, सासूबाईंनी उपटून टाकायला लावली होती, गाय खाईल म्हणून.

घरी आल्यावर फिजिओथेरपी. सुधारणा मोजायला एक तक्ता असतो, मूळ जपानी ऑर्थोपेडिक असोसिएशनचा, सतरा मार्कांचा, त्यात हाताचे मार्क चॉपस्टिकने जेवता येतं का यावर असतात. बाहेरच्यांसाठी तो बदलला, तिथे चमचा आणि शर्टाची बटणं आली. फिजिओ मुलगी आत्याला विचारायला लागली, चमच्याने जेवता येतं का. आत्या म्हणाली, चमच्याने मी कधी जेवले? शर्टाचं बटण लावता येतं का? अगं मी शर्ट घालते का? मग दोघींनी बसून स्वतःचा तक्ता केला. भात कालवून घास न सांडता तोंडात, एवढे मार्क. भाकरी एका हाताने मोडणं, एवढे. नऊवारी नाही पण सहावारीच्या निऱ्या धरणं, ब्लाउजचे हुक, सेफ्टी पिन, शेवटी सुईत दोरा. मला हा तक्ता जपानी तक्त्यापेक्षा बरा वाटला, कोणी तरी तो नीट तपासून वापरायला हवा असं मी गंभीरपणे म्हणतेय. निऱ्या महिन्या-दोन महिन्यांत जमल्या. चप्पल राहते पायात. सेफ्टी पिन अजून दुसऱ्याला लावावी लागते, करंगळीकडची दोन बोटं बधिरच आहेत आणि बहुतेक तशीच राहतील. एजन्सी तिने सुनेच्या नावावर करायला सांगितली, त्यावर घरात एक वेगळं भांडण चालू आहे, ते जाऊ दे.

भेटायला येणारा प्रत्येक जण कारण विचारतो. कॅल्शियमच्या गोळ्या जास्त झाल्या असतील. दूध फार पीत होतीस ना. बोअरचं पाणी जड आहे तुमचं. पान खायचीस तू, चुना जास्त झाला असेल, हे तर एका शिकलेल्या माणसाने विचारलं. आत्या प्रत्येकाला सांगते की खाण्यापिण्याचा संबंध नाही, डॉक्टरांनी हाडांच्या गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्यात, आणि समोरचा माणूस मान डोलावून जाताना म्हणतो, तरी दूध जरा कमीच कर.

परवा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या भिशीतल्या बायकांच्या गुडघ्यांच्या एक्सरेचे फोटो पाठवले, प्रत्येकाखाली एकच प्रश्न, यात रेघ दिसते का. एकीच्या एक्सरेत असावी असं मला वाटलं, पण मी दगडांची बाई. मी फोन करून म्हटलं, आत्या, अशी रेघ म्हाताऱ्या गुडघ्यांत कित्येकांच्या असते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, उगाच बायकांना घाबरवू नकोस. तर म्हणाली, घाबरवतेय कुठे, रेघेचं ते तुझं तू बघ, मी सगळ्यांना मोबाइलवर दहा सेकंद लावून मूठ उघडमीट करायला लावली. बहुतेक सगळ्या वीसच्या पुढे गेल्या. एकीचे बारा झाले, आणि तिची चप्पल पण निसटते म्हणे. तिला मंगळवारी साताऱ्याला पाठवतेय, तेवढा डॉक्टरांचा नंबर धाड.